बुंदीचं नाक आणि बेअर क्रीकची वळणं

आमच्या रेडमंडच्या घरापासून मेरीमूर पार्क चालत पंचवीस मिनिटांवर आहे. बुंदीला घेऊन निघालं तर तेच अंतर एक तास दहा मिनिटांचं होतं. पहिली दोन वर्षं मधल्या या पंचेचाळीस मिनिटांचा मला राग यायचा. आता मी त्या पंचेचाळीस मिनिटांसाठीच जाते. हा बदल कसा झाला ते सांगायचं आहे. त्यात आमचा एक सोफा, दोन गालिचे आणि शेजाऱ्यांची मैत्री पणाला लागली. बुंदीही जवळजवळ हातची गेली होती.

बुंदी ही आमची कुत्री. पांढरट अंगावर तांबूस ठिपके, म्हणून बुंदी. २०२१ च्या वसंत ऋतूत ती आमच्याकडे आली, पूर्व वॉशिंग्टनमधल्या कुठल्याशा शेतावरून, प्राण्यांच्या निवाऱ्यामार्गे. तेव्हा आम्ही तिघेही दिवसभर घरीच असायचो. मी जेवणाच्या टेबलावर, नवरा गराजमध्ये आणि सहावीतले चिरंजीव वरच्या खोलीत. 'मी रोज हिला फिरवीन, खायला घालीन, घाण उचलीन' असा सही केलेला कागद चिरंजीवांनी फ्रिजवर लावला होता. त्या कागदाचं पुढे काय झालं, हे मुलंबाळं असलेल्या वाचकांना सांगायला नको.

निवाऱ्याच्या कागदपत्रांत तिची जात 'हीलर मिक्स' लिहिली होती. आम्ही ते वाचलं आणि विसरलो. हीलर म्हणजे ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातल्या गुराख्यांनी गाई-बैलांचे मोठे कळप लांबच लांब हाकत नेण्यासाठी ही जात तयार केली. त्यांच्यात तिथल्या रानटी डिंगोचं रक्त आहे. गुराच्या मागच्या खुरापाशी हलकेच चावा घ्यायचा, लाथ बसायच्या आत खाली दबायचं आणि जनावर पुढे काढायचं, हे यांचं काम. म्हणजे दिवसभर उन्हात राबण्यासाठी घडवलेला प्राणी आम्ही तीन मजली टाउनहाऊसमध्ये आणून ठेवला होता.

दोन वर्षं निभावलं. घरात माणसं होती, मीटिंगा चालू होत्या, तिच्या नजरेसमोर सतत काहीतरी घडत होतं. २०२३ मध्ये आम्हा दोघांनाही आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जाणं भाग झालं. मुलाची शाळा, त्यानंतर रोबोटिक्स, शनिवारी मराठी शाळा. मी सिएटलला जाणारी. ५२० च्या पुलावर गाडी अडकली की लेक वॉशिंग्टनचं पाणी दोन्ही बाजूंना चमकत असतं आणि आकाश स्वच्छ असेल तर दक्षिणेला माउंट रेनियर दिसतो. पण माझं लक्ष फोनवरच्या घरच्या कॅमेऱ्याकडे. मी पुलावर असताना बुंदी सोफ्याचा कापूस काढत असायची.

आधी सोफा, मग जिन्यावरचा गालिचा, मग खिडकीची चौकट. पाठोपाठ सोसायटीकडून पत्र आलं, 'आपल्या कुत्र्याच्या भुंकण्याबद्दल तक्रार'. दुसऱ्या पत्रात दंडाची रक्कम होती. ज्या शेजारीण बाई दर दिवाळीला माझ्या चकल्या मागून घ्यायच्या, त्या आता पोस्टाच्या पेटीपाशी भेटल्या तरी नुसतं हसून निघून जायच्या.

आम्हाला वाटलं, हिला व्यायाम कमी पडतोय. मग आम्ही मेरीमूरचा आधार घेतला.

ज्यांनी हे पार्क पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मेरीमूर सुमारे ६४० एकरांचं आहे. त्यात सायकलींचा व्हेलोड्रोम आहे, चढाईची भिंत आहे, भाजीचे वाफे आहेत, आणि रविवारी तेलुगू-हिंदीत आरडाओरडा ऐकू येणारं क्रिकेटचं मैदानही आहे. दक्षिणेकडच्या भागात सॅमामिश नदीच्या काठाने चाळीस एकर जागा कुत्र्यांना मोकळं सोडण्यासाठी राखून ठेवली आहे. बारीक खडीच्या वाटा, मध्ये गवताळ माळ आणि नदीत उतरायला ठिकठिकाणी उतार. उन्हाळ्यात तिथे कुत्र्यांची जत्रा भरते. चिखलाने माखलेले लॅब्राडोर, रुबाबात चालणारे पूडल, हस्की, डॅशहुंड, आणि त्यांच्यामागे पिशव्या हातात घेऊन चाललेली माणसं. चेंडू लांब फेकायची प्लॅस्टिकची दांडी आम्हीही विकत घेतली. रोज संध्याकाळी ऑफिसातून परस्पर घरी, बुंदी गाडीत, मेरीमूर, साठ-सत्तर वेळा चेंडू, परत घरी. मी सँडल न बदलता चिखलात उभी, एका कानात कॉल चालू.

आणि बुंदी? घरी आली की वाडगाभर पाणी प्यायची, वीस मिनिटं पडायची आणि तोंडात चेंडू धरून पुढ्यात उभी राहायची. दोन महिन्यांत वीस मिनिटांची दहा झाली. तिला दमवायला निघालो होतो आणि आम्ही घरात एक धावपटू तयार केला होता. सोफा फाटायचा थांबला नव्हताच.

मे महिन्यात एका रात्री मी निवाऱ्याला ईमेल लिहून ठेवली. 'आमच्या वेळापत्रकात तिला न्याय देता येत नाही', असं सभ्य भाषेत. पाठवली नाही, पण पुसलीही नाही. घरातला लॅपटॉप सगळेच वापरतात. दोन दिवसांनी चिरंजीव काही न बोलता बुंदीला घेऊन बाहेर गेले आणि तासाभराने परत आले. फ्रिजवरचा जुना कागद त्याने काढून टाकला होता. त्या रिकाम्या जागेकडे बघणं मला त्या ईमेलपेक्षा जड गेलं.

निर्णय घेण्याआधी एकदा विचारून बघू, म्हणून आम्ही एका ट्रेनरबाईंकडे गेलो. त्यांनी बुंदीकडे बघण्याआधी कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं. घरी एकटं राहिल्यावर काही कुत्री भीतीने सैरभैर होतात. त्यांचं रडणं, लाळ गळणं, दाराला धडका मारणं माणूस बाहेर पडल्यावर लगेच सुरू होतं, आणि त्यावरचे उपाय वेगळे असतात, कधी कधी डॉक्टरांची औषधंही लागतात. बुंदीचं तसं नव्हतं. आम्ही गेल्यावर ती दोन तास मजेत झोपायची. साडेदहाच्या सुमारास सामान पोचवणारी पहिली गाडी यायची, की हिचा दिवस सुरू. गाडीवर भुंकलं की गाडी निघून जाते! तिच्या हिशेबाने काम फत्ते. मग पुढची गाडी येईपर्यंत सोफा.

"ही घाबरलेली नाही," बाई म्हणाल्या, "बेकार आहे. तुम्ही काम दिलं नाही, म्हणून तिने स्वतःच शोधलंय."

मे महिना संपता संपता आई आली, सहा महिन्यांसाठी. आईचं माहेर माण तालुक्यातलं. कुत्रा घरात, तोही गालिच्यावर, हे तिला पहिल्या दिवशी काही पचलं नाही. त्यात बुंदीने आईला बघताक्षणी गाय ठरवलं. आई स्वयंपाकघरातून हॉलकडे निघाली की ही मागून येऊन घोट्यापाशी नाक लावायची, कधी साडीचा काठ दातात धरायची आणि हळूहळू आईला सोफ्याकडे वळवायची. आम्ही शरमेने अर्धमेले झालो. आई मात्र थांबून तिच्याकडे बघत राहिली.

"अगं, ही तर धनगराच्या कुत्र्यावानी करतीय," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. तिच्या लहानपणी सुगी संपली की धनगर मेंढ्या घेऊन यायचे. खत मिळावं म्हणून आजोबा त्यांचा कळप रात्री शेतात बसवून घ्यायचे. त्यांच्याबरोबर दोन-तीन कुत्री असायची. दिवसा कळपाबरोबर चालायची, रात्री लांडग्याची चाहूल घेत जागी. घरचा मोत्याही दिवसभर मोकळा. खळ्यावरच्या उंदरांचा समाचार घ्यायचा, बांधावरून फिरायचा, गल्लीत कोण आलं कोण गेलं त्याचा वास घ्यायचा आणि दुपारी निंबाच्या सावलीत झोपायचा. "त्याला कुणी शिकवलं नाही आन् कुणी खेळवलं नाही. पण त्याला काम होतं. तुम्ही हिला पळवताय नुसती. पळणं म्हणजे काम नव्हं. हिला काहीतरी काम दे की!"

ट्रेनरबाईंनी पैसे घेऊन जे सांगितलं तेच आई फुकट सांगत होती. माझा प्रश्न तयार होता, "वेळ कुठून आणू?"

त्यावर आईने घराचं निरीक्षण केलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी ओट्यावर एक स्टीलचा डबा दिसला. त्यात तिने बुंदीचं पूर्ण दिवसाचं कोरडं खाणं मोजून काढून ठेवलं होतं. "वाडग्यात एकदम ओतायचं नाही. जाता-येता यातूनच द्यायचं. फुकट काही नाही." या एका डब्याने आमचं घर बदललं. नवीन वेळ काढावा लागला नाही. जो वेळ नाहीतरी जातच होता तो वापरायला लागलो, आणि जादा खाऊ घालून वजन वाढवण्याची भीतीही राहिली नाही.

चहा उकळायला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत 'बस' आणि 'थांब'. पहिल्या दिवशी दोन सेकंद थांबली की दाणा, मग पाच सेकंद, मग मी फ्रिजपर्यंत जाऊन येईपर्यंत. दोन-चार मिनिटांच्या वर एकदाही नाही. ती कंटाळायच्या आधी आपणच थांबायचं. दाणाही केल्याबरोबर लगेच द्यायचा. उशीर झाला की आपण नेमकं कशाला शाबासकी दिली ते कुत्र्याला कळत नाही. चिरंजीव शाळेची बस यायच्या आधी बूट घालताना तिच्याकडून मोजे आणवून घ्यायला लागले. नवरा भांडी लावताना तिला चटईवर बसायला शिकवू लागला. तिघांचं मिळून दिवसाला पंधरा मिनिटं होत असतील. आधी आम्ही रविवारी एक तास धरून बसायचो आणि पुढचे सहा दिवस काहीच नाही. रियाज कसा करायचा हे माहीत असलेल्या घरात ही चूक व्हायला नको होती.

हे सगळं शिक्षण मराठीत झालं. आईला 'सिट' आणि 'स्टे' म्हणायचं नव्हतं. बस, थांब, ये, सोड. सुटसुटीत शब्द आहेत. मेरीमूरमध्ये पन्नास लोक एकाच वेळी 'कम' म्हणून ओरडतात तेव्हा आमची एकटी 'ये' ऐकून वळते, हा फायदा आम्हाला नंतर कळला.

सकाळी घर सोडताना तिचा नाश्ता आता वाडग्यात नसतो. कधी जुन्या टॉवेलात पसरून टॉवेल गुंडाळलेला, कधी अंड्यांच्या कागदी खोक्यात, कधी घरभर लपवलेला. लपवण्याचं काम आईचं. सोफ्याच्या पायामागे, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, चपलांच्या मागे. "शोध!" म्हटलं की बुंदी नाक जमिनीला लावून अख्खं घर विंचरून काढायची. पंचवीस मिनिटं! साठ वेळा चेंडू फेकून जे झालं नव्हतं ते मूठभर दाण्यांनी झालं. शोधून झालं की ती अशी झोपायची, की पहिली गाडी येऊन गेलेली तिला कळायचीही नाही.

साडेदहाच्या गाडीसाठी वेगळी तजवीज होती, काँगची. पोकळ, जाड रबराचं हे खेळणं पुष्कळ घरांत असेल. कोलोराडोच्या जो मार्कहॅम यांचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवायचा. एकदा तो फोक्सवॅगन गाडीचा रबरी भाग आवडीने चावत बसला, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली आणि १९७६ मध्ये कंपनी निघाली. लोक त्यात पीनट बटर भरतात. त्यात झायलिटॉल नावाचा गोडवा नाही ना, हे बाटलीवर वाचून घ्यावं. कुत्र्यांना तो विषासारखा आहे. आई त्यात दहीभात भरायची. मीठ नाही, फोडणी नाही, नुसता गोड दह्याचा मऊ भात, आणि रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी घाईच्या वेळी बुंदी निसटून जिन्यावर गेली की आई हातात काँग घेऊन तिच्यामागे. ते बघून नवरा म्हणाला, "भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज ऐकले होते. आज पाहिले." आई म्हणाली, "हसा. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. तुमच्या एकीनं तुम्हाला एवढं दमवलं!"

आता पुन्हा त्या पंचेचाळीस मिनिटांकडे येते.

आमच्या घरामागून बेअर क्रीकच्या काठाने पायवाट जाते आणि पुढे सॅमामिश नदीच्या वाटेला मिळते. तिथून डावीकडे मेरीमूर. पूर्वी मी बुंदीला या वाटेने ओढत न्यायचे. तिने झुडपाला नाक लावलं की दोरीला हिसका, 'चल, चल'. मला वाटायचं, वास घेणं म्हणजे चालण्यातला अडथळा. आई गुडघ्यांमुळे हळू चालायची. तिच्यामुळे पहिल्यांदा आम्ही बुंदीच्या वेगाने चाललो. कुत्र्याच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात. एका खांबापाशी ती जे दोन मिनिटं उभी असते, तो तिचा त्या दिवसाचा पेपर. कोण आलं, कधी गेलं, आजारी होतं का, घाबरलेलं होतं का. मी रोज तिच्या हातातला पेपर पहिल्या ओळीलाच ओढून घेत होते.

या पाण्याचीही एक गोष्ट आहे. ही सॅमामिश नदी पूर्वी दलदलीतून नागमोडी वाहायची. १९१६ मध्ये सिएटलचा जहाज-कालवा झाला तेव्हा लेक वॉशिंग्टनची पातळी सुमारे नऊ फुटांनी उतरली आणि ही नदीही आक्रसली. पुढे १९६० च्या दशकात पूर येऊ नये म्हणून सैन्याच्या इंजिनिअरांनी ती खोदून सरळ केली. आज ती काही ठिकाणी पाटासारखी दिसते. बेअर क्रीकचा खालचा भागही असाच सरळ केलेला होता. पण सरळ, उथळ, सावली नसलेल्या पाण्यात सॅमन माशांना थारा मिळेना. म्हणून काही वर्षांपूर्वी शहराने त्या ओढ्याला पुन्हा वळणं दिली, पाण्यात ओंडके टाकले, काठाला झाडं लावली. त्या कामाआधीच्या तपासणीत जमिनीखाली दगडी हत्यारं सापडली, दहा हजार वर्षांहून जुनी. मॉलच्या जवळच, जिथून आपण सगळे भाजी आणायला जातो तिथून हाकेच्या अंतरावर! ते ऐकून आई म्हणाली, "म्हणजे कुत्रं उगाच हुंगत नाही इथं."

त्या उन्हाळ्यात आई, बुंदी आणि मी आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या वाटेने गेलो. मेरीमूरमध्ये पोचल्यावरही चेंडूची दांडी आम्ही गाडीतच ठेवू लागलो. उंच गवतात मूठभर दाणे फेकायचे, 'शोध'. चिरंजीव झाडामागे लपायचे, 'शोध'. थोडं पळणं, थोडं पोहणं, पुष्कळ हुंगणं. परतताना आई जुन्या पवनचक्कीपाशी बाकावर टेकायची. शंभरेक वर्षांपूर्वी इथे जेम्स क्लाइज नावाच्या सिएटलच्या बँकरची मोठी शेती होती आणि त्याने आयरशायर जातीच्या गाई पाळल्या होत्या, हे मी तिला वाचून दाखवलं. आईने बुंदीच्या डोक्यावर हात ठेवला. "शंभर वर्षं उशिरा आलीस बाई," ती म्हणाली.

ऑक्टोबरमध्ये सॅमन येतात. समुद्रातून बॅलर्डच्या लॉकमधून लेक वॉशिंग्टन, मग ही नदी आणि पुढे कुणी बेअर क्रीकमध्ये वळतात, कुणी लेक सॅमामिश पार करून इसाक्वाला जातात. अंडी घालून झाली की मरतात. त्या दिवसांत ओढ्याकाठी कुजलेल्या माशाचा वास असतो. आपल्याला नकोसा, कुत्र्यांना मेजवानीसारखा. आणि इथे एक गोष्ट प्रत्येक कुत्रेवाल्याला माहीत हवी. आपल्या भागातल्या कच्च्या सॅमनमध्ये एक परजीवी कृमी असतो आणि त्या कृमीत एक जिवाणू. तो कुत्र्याच्या पोटात गेला की साधारण आठवड्याभरात ताप, उलट्या, जुलाब, खाणं बंद. वेळेत औषध मिळालं तर कुत्रा बरा होतो. नाही मिळालं तर बहुतेक वेळा दगावतो.

त्या शनिवारी बारीक पाऊस होता. बुंदी दोरीवर होती, पण दोरी लांब सोडलेली आणि माझं लक्ष फोनकडे. ऑफिसचाच मेसेज. बुंदीने काठच्या गवतात डोकं घातलं आणि बाहेर काढलं तेव्हा तोंडात हातभर लांबीचा मेलेला मासा. मी किंचाळले. किंचाळून दोरी ओढली. कुत्र्याच्या बाबतीत सर्वांत चुकीचं जे काही करता येतं ते सगळं मी एका क्षणात केलं. तिने मासा अधिकच घट्ट धरला.

आई मागून शांत आवाजात म्हणाली, "बुंदी, सोड."

बुंदीने आईकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि मासा खाली ठेवला.

आईने स्वेटरच्या खिशातून पोळीचा तुकडा काढून तिला दिला. तोवर माझे हात थरथरत होते. चार महिने रोज सकाळी ही बाई माझ्या मुलाचा मोजा त्या कुत्रीच्या तोंडात द्यायची, 'सोड' म्हणायची आणि बदल्यात तुकडा द्यायची. मी मनात म्हणायचे, काय हा रिकामपणाचा उद्योग. दिवसाची दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांनी त्या दिवशी कदाचित तिचा जीव वाचवला. मासा पोटात गेला असेल तर म्हणून आम्ही लगेच डॉक्टरांना फोन केला. आठ-दहा दिवस लक्ष ठेवलं. काही झालं नाही.

त्या रात्री मी ती जुनी ईमेल पुसली. पुसताना मुलाला हाक मारून दाखवली.

सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. दाराची घंटा वाजली की बुंदी अजूनही आकाशपाताळ एक करते. आठवड्यातून एकदा तरी दोघांच्याही मीटिंगा लांबतात, कुणीच वेळेवर घरी पोचत नाही आणि डबा तसाच वाडग्यात रिकामा होतो. एखाद्या दिवसाने बिघडत नाही, हेही शिकलो. दुपारी अर्धा तास येणारा कॉलेजचा मुलगा ठेवलाय, त्याचे पैसे जातात. पण सोसायटीचं तिसरं पत्र आलं नाही. आणि गेल्या दिवाळीत शेजारीण बाई स्वतःहून चकल्या मागायला आल्या.

दिवाळीवरून आठवलं. फराळाची ताटं खालच्या टेबलावर ठेवू नका. बेसनाच्या लाडवावरचा एक बेदाणा, चिवड्यातल्या मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. चॉकलेट आणि कांदाही तसाच. पाहुण्यांची मुलं प्रेमाने भरवतात, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. त्यांच्या हातात तिच्या डब्यातले दाणे द्यावेत आणि 'बस' म्हणायला शिकवावं. मुलंही अर्धा तास गुंततात.

आई नोव्हेंबरअखेर परत गेली. बुंदी आठवडाभर तिच्या खोलीच्या दाराशी नाक लावून बसायची. आता रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल असतो. आई तिकडून 'बस' म्हणते आणि ही फोनसमोर बसते. दाणा आम्ही द्यायचा.

डिसेंबरात इथे सव्वाचारलाच सूर्य मावळतो. ऑफिसातून येऊन वाटेला लागेपर्यंत अंधार. डोक्याला दिवा लावून निघतो, मी किंवा चिरंजीव. तो आता फ्रिजवर कागद लावत नाही, नुसता दोरी घेऊन जातो. घरून काम असेल त्या दिवशी उजेड असताना निघता आलं तर वरून कावळे जाताना दिसतात. हजारोंनी, सगळे उत्तरेकडे बॉथेलच्या दिशेने, तिथल्या ओढ्याकाठच्या झाडांवर त्यांची रात्रीची वस्ती असते. गेल्या आठवड्यात मी फोन उलटा धरून आईला ते कावळे दाखवत होते.

"ते बघितले मी," आई म्हणाली. "बुंदी कुठाय?"

बुंदी ओढ्याच्या तिसऱ्या वळणावर एका ओंडक्यापाशी उभी होती, नाक लाकडाला टेकवून, शेपटी स्थिर.

"काय वाचतीय?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "अजून संपलं नाहीये तिचं."

"मग थांब," आई म्हणाली.

आम्ही दोघी थांबलो.